पुलाखाली जोडीने

"पूल पक्का हाय म्हनता न्हवं सायेब? मंग वर वजन ठेवाल तवा तुमी सोता खाली बसा," ठकूआक्का म्हणाली. "आन एकटं न्हाई. जोडीनं बसा."

हे हसले. त्यांना वाटलं, म्हातारी चेष्टा करते आहे. नदीकाठी पाचपन्नास माणसं जमली होती, त्यांतलं कुणीच हसलं नाही, तेव्हा यांचं हसू ओठांवरच विरलं. मी मागे चहाची किटली घेऊन उभी होते. आक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बाजारात कोंबडी पारखावी तसं, आणि पुन्हा यांच्याकडे वळली.

"आमच्यात हिरीची कमान बांधली का तिचं लाकडी टेकू काढताना गवंडी बायकूला घिऊन खाली हुबा ऱ्हातो. दगूड पडला तर त्येंच्यावर पडंल. न्हाई पडला तर गाव पानी भरतंय. तुमी काय गवंड्यापरीस येगळं न्हाई."

ठकूआक्का पल्याडच्या सात वाड्यांमधली. ना सरपंच, ना पाटलीण. पण तिला विचारल्याशिवाय त्या वाड्यांत मुलगी दिली जात नसे की म्हैस विकली जात नसे. साताऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या बेचक्यात ही नदी एका खोल डोहातून जाते. पावसाळ्यात चार महिने सात वाड्या तुटायच्या. सटवाजी भोयाची नाव होती, पण पुरात ती काठावर उलटी करून ठेवावी लागे. बाळंतीण अडली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की पल्याडच्यांनी फक्त पाण्याकडे बघत बसायचं. म्हणून पूल हवा होता. आणि पुलाचीच भीती होती.

कारण हा पहिला पूल नव्हता. यांच्या आधी दुसऱ्याच कुणी इथे एक लाकडी पूल टांगला होता. उद्घाटनाच्या दिवशी माणसं वाजतगाजत त्यावर चढली आणि तो मधोमध तुटला. सात जण गेले. आक्काचा मुलगा श्रीपती त्यांत होता. आक्का हे सांगताना रडत नसे. ती एवढंच म्हणे, "बांधनारा सायेब काठावर हुबा हुता. त्येची पाटलून सुदीक भिजली न्हाई."

हे तिथे नवे इंजिनिअर. अच्युत गद्रे, वय एकतीस. माझं नाव नलिनी, मी तेवीस वर्षांची, सांगलीच्या बाजारपेठेत वाढलेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यांतलं दीड वर्ष मी पत्र्याच्या क्वार्टरमध्ये काढलं होतं. तक्रार नव्हती. मला नवऱ्याचा इतका अभिमान होता की शेजारीपाजारी कुणी नसल्यामुळे तो मी बकऱ्यांना ऐकवायचे.

पूल कसा उभा राहतो ते यांनी मला वळणीवर दाखवलं होतं. "हे बघ, ओलं धोतर टाकलं की दोरी खाली येते आणि दोन्ही टोकांच्या खिळ्यांना ओढ बसते. झुलता पूल म्हणजे वळणीच. धोतराची काळजी करायची नाही, खिळ्यांची करायची." नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीत काँक्रीटचे भले मोठे ठोकळे पुरले होते, ते खिळे. मजूर त्यांना नांगर म्हणायचे.

पोलादी दोर नदीपार नेला तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. आधी सटवाजीने नावेतून सुतळी पल्याड नेली. सुतळीला मोटेचा नाडा बांधला, नाड्याला तार, आणि तारेला पोलादी दोर. दोराचं रीळ आणणारा ट्रक तीन मैल अलीकडेच थांबला होता, पुढे रस्ता नव्हता. तेव्हा दोर उलगडून माणसांनी खांद्यावर आणला. ऐंशी माणसं एकामागे एक. पुढचा थांबला की मागच्याला कळायचं नाही आणि मधले बिचारे धडपडायचे. मी सगळ्यांना गूळपाणी दिलं. त्या रांगेत आक्काही होती. ज्या पुलावर पाय ठेवणार नाही म्हणत होती त्याचाच दोर तिच्या खांद्यावर होता.

पल्याड काळा कातळ लागला. अल्याड, आमच्या बाजूला, खणता खणता भुसभुशीत मुरूम निघाला. यांनी खड्डा आणखी खोल नेला, ठोकळा थोरला केला, वरच्या साहेबांनी येऊन पाहिलं आणि मान डोलावली. "आता हत्ती नेला तरी हलणार नाही," हे सगळ्यांना सांगायचे. पण जेवण झालं की हात धुऊन त्या ठोकळ्यापाशी जायचे आणि बुटाच्या टाचेने मारून बघायचे. मला ते माया वाटायचं. कुणी गोठ्यातल्या बैलाला थोपटून येतं, तसं.

तर आक्काने अट घातली आणि यांनी ती मान्य केली. मान्य न करून सांगता कुणाला? पल्याडचं एकही माणूस पुलावर चढलं नाही तर तो पूल म्हणजे नुसती वळणीच, धोतराशिवाय. वर वजनाच्या परीक्षेच्या दिवशी दुपारी मोठे साहेब यायचे होते, साताऱ्याचा वार्ताहर यायचा होता. पाऊस पंधरवड्यावर आला होता. "बसू की," हे म्हणाले. "त्यात काय आहे? नलू, बसशील ना?" मी म्हटलं, बसेन. नवऱ्याने मांडवात विचारल्यासारखं विचारलं होतं, मला कोण गुदगुल्या झाल्या.

त्या दिवशी सकाळी मी लग्नातली वांगी रंगाची साडी नेसले. आक्काने नदीची ओटी भरली, मग माझी. आम्हा दोघांना कुंकू लावलं. नावेच्या मधल्या फळीवर आम्ही जोडीने बसलो, सटवाजीने बांबू रोवून नाव डोहाच्या मधोमध, बरोबर पुलाखाली नेली. वर मान केली तर फळ्यांच्या फटींतून आभाळाच्या चिंध्या दिसत होत्या. दोन्ही काठांवर माणसंच माणसं होती.

वाळूची पोती चढवायला लागले. नेहमीच्या दीडपट वजन ठेवायचं होतं. पोती वाहणारी माणसं मुकादमाची, लांबून मजुरीला आलेली. पूल तुटला असता तर आधी तीच गेली असती, पण त्यांच्या जिवाचं कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

तिसरा हिस्सा पोती चढली असतील. अल्याडच्या बाजूने आवाज आला. फार मोठा नाही. दगडावर पहार आपटावी तसा एकच, टणक आवाज. वरची माणसं जागच्या जागी थांबली. यांचा हात माझ्या हाताजवळ फळीवर होता, तो त्यांनी काढून घेतला.

"सटवाजी, मला काठाला घे," हे म्हणाले. "नांगर बघून येतो."

नाव काठाला लागली. हे उतरले. मी उठायला लागले तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू बस. दोघंही उठलो तर बरं दिसणार नाही. आलोच मी."

मी बसले. नाव पुन्हा मधोमध आली.

हे नांगरापाशी गेलेले मला दिसले. वाकले, हात लावला, मुकादमाला हाताने खूण केली, चालू द्या. पोती पुन्हा चढायला लागली. आता हे खाली येतील म्हणून मी बघत राहिले. ते वर चढायला लागले. नांगराच्या पुढे, पायवाटेने, करंजाच्या झाडापर्यंत. तिथे थांबले, आणि नदीकडे पाठ करून उभे राहिले.

पांढरा शर्ट. घामाने चिकटलेला. मी त्या पाठीकडे बघत होते आणि ती वळत नव्हती. मला वाटलं, काही लिहीत असतील. मग दिसलं की दोन्ही हात कानांवर आहेत.

सटवाजीनेही पाहिलं. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. त्याचं वय असेल पन्नाशीचं. हा पूल झाला की त्याच्या नावेत कुणी बसणार नव्हतं, आणि तो मात्र त्याच पुलाखाली बसला होता.

"सायबास्नी तिथनं दिसतंय व्हय समदं?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "तिथून सगळं नीट दिसतं."

"बरं हाय," तो म्हणाला. मग जरा वेळाने, हळू, "वैनी, काय झालंच तर उजव्या अंगाला उडी टाका. तिकडं म्या हाय."

काठावरची कुजबुज मला ऐकू येत नव्हती, पण दिसत होती. माना आधी करंजाकडे वळायच्या, मग माझ्याकडे. मी पदर सारखा केला. पुन्हा केला. अंगावर एखादा डाग असावा आणि तो सगळ्यांना दिसत असावा, फक्त मला पुसता येऊ नये, असं झालं होतं. मेले तर मेले, पण या माणसांनी माझ्याकडे बघू नये, एवढंच वाटत होतं.

"सटवाजी, नाव आन इकडं," आक्काची हाक आली.

नाव काठाला गेली. आक्का गुडघाभर पाण्यात आली. तिच्या एका हातात सुपारी होती, दुसरी मूठ मिटलेली होती. ज्या जागी हे बसले होते तिथे, माझ्याशेजारी, तिने ती सुपारी ठेवली.

"पूजंला बायकू नसली का सुपारी ठेवत्यात," ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नवरा नसल्यावर ठेवत्यात का न्हाई, म्या कदी बगितलं न्हाई. ठेवूया."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. आक्का तशीच पाण्यात उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. ती आणखी काही बोलेल असं मला वाटलं. माझे पाय काठापासून हातभर अंतरावर होते. मी मान खाली घातली आणि सुपारीकडे बघत बसले. मग आक्का मागे सरली, आणि सटवाजीने बांबू रोवला.

उरलेली पोती चढली. वजन ठेवून तासभर थांबायचं होतं. एक पोतं उसवलेलं होतं, त्यातली वाळू बारीक धारेने माझ्या केसांवर पडत होती. देवाचं नाव यायला हवं होतं तोंडात. मला मात्र दुधाची आठवण येत होती, चुलीवर ठेवून आले होते, ते उतू गेलं असेल याची. पूल खाली आला, जेवढा यायला हवा होता तेवढाच, आणि थांबला. दुसरा आवाज झाला नाही. पहिला आवाज कशाचा होता, ते हे पुढे सगळ्यांना समजावून सांगत. दोर आपल्या खाचेत बसल्याचा. नवीन वहाण करकरते तसा. घाबरण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

पोती उतरल्यावर हे धावत खाली आले. बाह्या दुमडलेल्या, चेहरा लाल. मला हात देऊन नावेतून उतरवलं. "बघितलंस?" म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी?" मी म्हटलं, "दूध उतू गेलं असेल." सुपारी फळीवरच राहिली. सटवाजीने ती उचलून पाण्यात सोडली, यांचं लक्ष नसताना.

दुपारी मोठे साहेब आले, वार्ताहर आला. ज्या जागी एक पूल सात जणांना घेऊन पडला तिथेच दुसरा उभा राहिला, ही त्याला बातमीच होती. त्याने यांना विचारलं, लोकांची समजूत कशी घातलीत? हे म्हणाले, "समजूत कसली? वजन चढत होतं तेव्हा आम्ही दोघं खाली नावेत बसलो होतो. जोडीनं."

अगदी सहज म्हणाले. मला आजही वाटतं, त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते. बसले होतेच की थोडा वेळ.

पण भोवती दोनशे माणसं उभी होती. त्यांतल्या एकानेही यांच्याकडे पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणते ते. मी जमिनीकडे बघत होते. धरणी दुभंगावी म्हणतात ना, तसं काही होत नाही. माती तशीच असते, मुंग्यांसकट.

"व्हय," आक्काचा आवाज आला. "जोडीनं बसलं हुतं. म्या माज्या डोळ्यांनी बगितलं."

आणि पुढे होऊन तिनेच पहिला पाय पुलावर ठेवला. मधोमध गेल्यावर क्षणभर थांबली, खाली डोहाकडे पाहिलं, पुन्हा चालायला लागली. तिच्यामागे सात वाड्या.

पुढे त्या पुलाचं फार नाव झालं. लांबलांबचे इंजिनिअर बघायला यायचे, आता तर सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, आणि पुलावर उभं राहून माणसं फोटो काढतात. यांना बढत्या मिळाल्या, एकदा दिल्लीला सत्कार झाला. प्रत्येक सत्कारात, प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ती गोष्ट निघायची. नावेची, जोडीची. शेवटी हे माझ्याकडे वळून म्हणायचे, "हो की नाही गं?" आणि मी म्हणायचे, "हो." मुलांना ती पाठ झाली, नातवंडांनाही. हे वारले त्या दिवशी भेटायला आलेल्या माणसांनीही तीच सांगितली. वाईट माणूस नव्हते हो. आजारपणात माझं अंथरूण-पांघरूण केलेला माणूस. त्या एका सकाळची मात्र मला चाळीस वर्षं त्यांच्या वतीने लाज वाटत राहिली, आणि त्यांना ती कधी वाटल्याचं मला दिसलं नाही.

पण त्यांची लाज ही त्यातली सोपी गोष्ट.

परीक्षेनंतर चारेक दिवसांनी मी पूल ओलांडून आक्काकडे गेले. एकटीच. आमची बदली ठरत आली होती आणि जायच्या आधी मला तिचे आभार मानायचे होते. ती अंगणात नाचणी पाखडत बसली होती. मला पाहून तिने गोणपाट पुढे सरकवलं.

"आक्का," मी म्हटलं, "त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही माझी अब्रू राखलीत."

"तुजी?" सूप थांबलं. "तुज्यासाटनं न्हाई बोलले पोरी. समद्यांनी बगितलं, पर सायेब उठला, अट मोडली, असं म्या म्हनले असते तर सात वाड्यांतलं कुत्रं सुदीक त्या पुलावर चडलं नसतं. पूल टिकला. त्यो मला पायजे. माजा श्रीपती ज्येच्यापायी गेला त्या सायबाला म्या आजून सोडला न्हाई. तुज्या मालकाला सोडला, त्यो पुलासाटनं."

ती सूप हलवायला लागली, मग पुन्हा थांबली.

"एक इचारू? पूल टिकतोय हे तुला ठावं हुतं?"

"नाही."

"नवऱ्यानं सांगितलं म्हून इस्वास ठेवलास?"

करंजाखालची पाठ मला दिसली. "नाही," मी म्हणाले.

"मंग उठली का न्हाईस?" आक्का म्हणाली. "नाव काठाला कशापायी बोलावली म्या? सुपारीसाटनं? त्ये तर निमित्त हुतं. दुसरी सुपारी हुती माज्या मुठीत. तुजी. तू पाय खाली टाकला असतास तर तिथं दोन सुपाऱ्या बसल्या असत्या, आन आमी त्येच जोडी म्हून चालवून घेतलं असतं. किती येळ हुबी ऱ्हायले पान्यात, तुज्या तोंडाकडं बगत. माजं एक गेलंय त्या डोहात, आनकी एक पोर कशाला घालू?"

मी गोणपाटाची शिवण नखाने उकरत होते.

"उठायची लाज वाटली, आक्का," मी म्हणाले. "एवढे सगळे बघत होते."

नाचणीवर चिमण्या उतरल्या, तिने हुसकल्या नाहीत.

"लाज वाटली म्हून," ती म्हणाली. "आन म्या समद्या वाड्यांत सांगितलं, पोरगी लई धीराची हाय. नवरा उठला तरी ही हालली न्हाई. त्या जोरावर पोरंबाळं घिऊन चडल्यात बाया पुलावर." तिने सूप पुन्हा उचललं. "ऱ्हाऊंदे. सांगू नगंस कुनाला."

चहा न घेताच मी निघाले. पुलावर निम्म्यात आले तर समोरून पल्याडच्या बायका बाजार करून येत होत्या, डोक्यावर पाट्या, एकीच्या काखेत लेकरू. त्यांनी मला ओळखलं. वाट द्यायला एका बाजूला सरल्या. लेकरू घेतलेली बाई मात्र सरली नाही. तिने पोराला माझ्या पायाशी टेकवलं आणि स्वतःही वाकली. मी "नको, नको" म्हणाले, आणि तिला तो माझा मोठेपणा वाटला. पूल अरुंद होता, मागे सरकायला जागा नव्हती.